कायच्यापेक्षा?

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये 'मस्त' हा शब्द जपून वापरावा लागायचा. चुकून कोणी म्हणालं, "सर, आज चहा मस्त झाला," की लेथ मशीनच्या मागून आवाज आलाच म्हणून समजा.

"कायच्यापेक्षा?"

म्हणजे कशापेक्षा मस्त? कालच्या चहापेक्षा, कँटीनच्या चहापेक्षा, की तुझ्या घरच्या? घरच्या म्हणत असशील तर घरी दूध कोणतं येतं, म्हशीचं की पाकिटाचं? पत्ती आधी टाकता की साखर? एवढं होईस्तोवर हातातला कप थंडगार व्हायचा आणि मग सर समाधानानं म्हणायचे, "पाह्य, आता तो मस्त राहिलाच नाही."

सर म्हणजे आमचे वर्कशॉप इन्स्ट्रक्टर. प्राध्यापक नव्हेत. प्राध्यापक लोक शेडमध्ये येत नसत, कपडे खराब होतात म्हणून. सर मात्र सकाळी साडेआठपासून शेडमध्येच असत. निळा अ‍ॅप्रन, खिशात खडू आणि हातात हातभर लांबीचा पेचकस. या पेचकसानं त्यांनी स्क्रू फिरवलेला मी चार वर्षांत दोनदाच पाहिला. त्याचं टोक ते चालत्या इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. इंजिनच्या आत काय बिघडून राहिलंय ते त्यांना असं ऐकू यायचं. नव्या पोरांना वाटायचं, सरांचा डोळा लागला.

विद्यार्थ्यांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. "नावं ढीगभर राहतात, त्यातले अर्धे सारखेच. गाव बराबर आहे," असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी 'उमरेड'. रोज सकाळी सहाच्या एसटीनं यायची, संध्याकाळी एसटीनंच परत. आमच्या शर्यतीच्या टीमचा कॅप्टन शहरातलाच, तो 'मनीषनगर'. एक पोट्टा दर सेमिस्टरला खोली बदलायचा, त्यानं सरांना फार त्रास दिला. आता नोकरी लागल्यावर मी स्वतःच मनीषनगरात राहायला आले, पण सरांचा फोन आला की तेच, "काय वं उमरेड, जिती आहे का?"

तुलना केल्याशिवाय हा माणूस पाणीही प्यायचा नाही. कॉलेजच्या रस्त्यावर तर्री-पोह्याच्या दोन गाड्या होत्या. सर दोन्हीकडे अर्धी-अर्धी प्लेट खायचे, रोज. एकीकडे तर्री झणझणीत, दुसरीकडे पोहे मोकळे. कोणती गाडी चांगली, याचा निकाल बारा वर्षं लागला नव्हता. दोन्ही गाडीवाले त्यांना आपलं पक्कं गिऱ्हाईक समजत आणि दुसऱ्याकडे जाताना दिसले की तोंड फिरवत.

आणि हा माणूस स्वतः काय चालवायचा? जुनी टू-स्ट्रोक स्कूटर. तिचा धूर एवढा की सर यायच्या आधी त्यांचा वास यायचा. सकाळी सुरू करायच्या आधी ती एका बाजूला तिरपी करून हलवावी लागे, तेव्हा कुठं बाईसाहेब उठायच्या. दिवसभर आम्हाला फोर-स्ट्रोक इंजिनांचे गुण सांगणारा माणूस संध्याकाळी स्कूटर तिरपी करताना पाहिला की हसू आवरायचं नाही. मी एकदा विचारलंच, "सर, या स्कूटरची तुलना कधी केली का कोणाशी?"

"घरच्याची तुलना नसते करत वं," सर म्हणाले आणि किक मारली. सहाव्या किकला ती लागली.

हे त्यांचं घरचं प्रकरण मला पुढे काकूंकडून, म्हणजे सरांच्या बायकोकडून कळलं. मी एकदा प्रॅक्टिकलच्या वह्या पोचवायला त्यांच्या घरी गेले होते. काकू म्हणाल्या, "मले पाह्याले आले तेव्हा ह्यांची आई म्हणे, अजून दोन मुली पाहाच्या बाकी आहेत. हे म्हणे, नाही पाहाच्या. तेवढ्या एका वेळेस नाही विचारलं कायच्यापेक्षा."

आतल्या खोलीतून सर ओरडले, "घाई झाली थोडी!"

"पाह्य, पस्तीस वर्षं झाले, अजून घाईच झाली म्हणून राहिले," काकू म्हणाल्या आणि मला लाडू दिला. लाडू मस्त होता, पण मी काही बोलले नाही.

आता मुद्द्यावर येते. दर मार्चमध्ये शहराबाहेरच्या एका ट्रॅकवर कॉलेजांच्या गो-कार्टची शर्यत असायची. गो-कार्ट म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार लहान चाकं, एक सीट आणि पाठीमागे इंजिन. जमिनीपासून चार बोटं उंच. बसलं की वाटतं, आपण घमेल्यात बसून घसरून राहिलो. स्पर्धा स्वस्तातल्या कार्टची, म्हणून खास रेसिंगचं परदेशी इंजिन चालत नसे. बाजारात साधं मिळतं तेच फोर-स्ट्रोक इंजिन लावायचं. शर्यत तासभराची. तास संपल्यावर जे कार्ट स्वतःच्या इंजिनवर झेंड्यासमोरून जाईल, त्यानं शर्यत पूर्ण केली. बाकीच्यांना दोरी बांधून ओढून आणायचं.

आमच्या कॉलेजनं ती शर्यत कधीच पूर्ण केली नव्हती. नऊ वर्षांत नऊ वेळा आमचं कार्ट दोरीवर घरी आलं. दोरी सरांची होती, जाड, पांढऱ्या नायलॉनची, शेडच्या दारामागे खिळ्याला टांगलेली. कार्ट ओढून आणलं की सर तिला एक गाठ मारत. चेन तुटली ती एक गाठ, क्लच जळला ती एक, आणि एका वर्षी मागचं चाक कार्टला सोडून एकटंच पुढे निघून गेलं, ती एक. नवीन पोरं टीममध्ये आली की सर त्यांना आधी इंजिन दाखवत नसत, दोरी दाखवत. "हा आपला इतिहास. नीट वाचून घ्या," म्हणत.

मी फायनल इयरला ड्रायव्हर झाले तेव्हा दोरीवर नऊ गाठी होत्या आणि एप्रिलअखेर सर रिटायर होणार होते. म्हणजे त्यांच्या वाट्याची ही शेवटची शर्यत. ते तसं बोलून दाखवत नव्हते. फक्त एकदा दोरीवरची धूळ झटकून ती परत टांगताना म्हणाले, "दहावी गाठ मले माराची नाही वं उमरेड." एवढंच. पण त्या दिवसापासून ती दोरी माझ्या मानगुटीवर बसली. एसटीत डोळे मिटले तरी दिसायची.

मी ड्रायव्हर झाले यात माझी काही कर्तबगारी नव्हती. सरांनी अख्ख्या टीमला भंगाराच्या तराजूवर चढवलं आणि सगळ्यात कमी वजन माझं निघालं. सत्तेचाळीस किलो. मनीषनगर त्र्याऐंशीचा निघाला. लहानपणापासून रेसर व्हायचं स्वप्न पाहणाऱ्या त्या बिचाऱ्याला सरांनी जाहीर केलं, "तू कॅप्टन. खाली उतर."

इंजिन कोणतं घ्यायचं यावर मनीषनगरचं मत तयारच होतं. "सर, मोटरसायकलचं दीडशे सीसीचं. पाच गिअर. सगळ्या टीम तेच लावतात. सगळ्यात बेस्ट आहे."

आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून घेतले.

"कायच्यापेक्षा?" सर म्हणाले, आणि पुढचे तीन आठवडे आमची सुटका झाली नाही.

मोटरसायकलचं इंजिन भंगार बाजारातून आलं. दुसरं स्कूटरचं, बिनगिअरचं, एकशे दहा सीसीचं. तिसरं सरांनी स्वतः आणलं. पारशिवनीला त्यांचे धाकटे भाऊ शेती करतात. त्यांच्या विहिरीवरचं पंपाचं इंजिन, पेट्रोलवर चालणारं, लाल रंग उडालेला आणि अंगावर वाळलेला चिखल. "पंधरा दिवसात वापस करतो" असं सांगून ते आणलं होतं, त्यामुळे सोळाव्या दिवसापासून भावाचे फोन सुरू झाले.

"दादा, माहं इंजिन कधी वापस देशीन गा?"

"तुलना चालू आहे."

"कायची तुलना? गव्हाले पाणी द्याचं आहे मले!"

"विजेची मोटर आहे ना तुह्यापाशी?"

"आन लाइन कोठी राहते दिवसा?"

सर फोन बंद करून आमच्याकडे वळायचे. "घाईचा माणूस आहे," म्हणायचे.

ते लाल इंजिन शेडमध्ये उतरलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण सांगते. माझे बाबा उमरेडजवळच्या कोळशाच्या खाणीत पंप ऑपरेटर होते. खाणीत साचणारं पाणी उपसून बाहेर टाकायचं, दिवसपाळी असो की रातपाळी. माझं सगळं लहानपण पंपाच्या गोष्टी ऐकण्यात गेलं. आज पंपाला काय झालं, पंपाचं पॅकिंग कसं गेलं, पंपानं काय आवाज केला. मी इंजिनिअरिंगला आले ते या पंपापासून लांब पळायला. आणि इथं शर्यतीच्या गाडीवर, माझ्या पाठीमागे, पंप! मी मनात सरांना नाही नाही ते बोलले.

तुलनेची सरांची पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. तिन्ही इंजिनं शेजारी-शेजारी टेबलावर बसवली. टाक्या काढून टाकल्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दवाखान्यातली सलाइनची रिकामी बाटली उलटी टांगली. "रेघा आयत्याच राहतात तिच्यावर," सर म्हणाले. बाटलीत पेट्रोल भरायचं आणि एका बाटलीत इंजिन किती वेळ चालतं ते बघायचं. चालत्या इंजिनवर पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास ठेवायचा आणि किती पाणी हिंदकळून सांडतं ते पाहायचं. बंद झाल्यावर लगेच आणि मग दहा मिनिटांनी सुरू करायचं. बाहेरून कोणी आलं तर त्याला वाटावं इथं तीन पेशंट अ‍ॅडमिट आहेत आणि सर राउंडला आलेत.

निकाल शेडच्या लोखंडी दारावर खडूनं लिहिला. तीन इंजिनांचे तीन उभे रकाने आणि आडव्या चार ओळी: उठणं, पिणं, तापणं, रुसणं. मोटरसायकलचं इंजिन झटकन उठायचं, पण प्यायचं भरपूर आणि रुसायचं त्याहून भरपूर. गिअर अडकला, क्लच घसरला, चेन सुटली, रोज नवीन. स्कूटरचं गुणी होतं, पण त्याचा रबरी पट्टा तापला की जळका वास यायचा. पंपाच्या रकान्यात सरांनी लिहिलं: उठणं, दुसऱ्या झटक्याला. पिणं, कमी. तापणं, तापते पण बोलत नाही. रुसणं, नाही.

"सर," मनीषनगर रडकुंडीला येऊन म्हणाला, "पळणं कुठं आहे? पळणं लिहिलंच नाही तुम्ही!"

"नऊ वर्षं पोहोचलंच नाही कोणी. त्याच्या पळण्याचं काय करू?"

"अहो पण हे विहिरीवरचं इंजिन आहे!"

"मंग? विहिरीतून पाणी ओढते ते. उमरेडले नाही ओढणार काय?"

सगळे खो खो हसले. मी नाही हसले. रात्री घरी बाबांना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "कोणता पंप आहे?" मी ताटावरून उठले.

पंपाच्या इंजिनला गव्हर्नर म्हणून एक भाग असतो. एक लहान स्प्रिंग आणि एक पत्ती. इंजिन ठरलेल्या वेगाच्या वर जायला लागलं की ती त्याला आवरते. शेतात ते बरोबर आहे, पण शर्यतीत त्यामुळे आमचं कार्ट बैलगाडीसारखं चालायचं. गव्हर्नर काढून वेगाची तार सरळ जोडली की तेच इंजिन पिसाळल्यासारखं पळणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "त्याले हात लावाचा नाही. त्याच्यामुळेच ते रुसत नाही."

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सर घरी गेल्यावर मनीषनगर माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी बाबा मला बघायला येणार होते, पहिल्यांदाच, सुटी टाकून. त्यांच्यासमोर पंपावर बसून सगळ्यांत मागे रखडत फिरायचं? माझा हात बारीक, आत बरोबर जातो. पाच मिनिटांत स्प्रिंग काढली, तार जोडली. कार्ट आवारात फिरवून बघितलं तर अरे बाप्पा! केस उभे राहिले. स्प्रिंग मी ओढणीच्या टोकाला बांधून घरी घेऊन गेले.

सकाळी ट्रॅकवर ऊन आठ वाजताच तापलं होतं. अठरा कार्ट रांगेत. सर खांद्यावर ती नऊ गाठींची दोरी टाकून उभे होते. मी इंजिन चालू केलं. सरांनी सवयीनं पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. आणि उघडले.

"उमरेड, बंद कर."

मी बंद केलं.

"स्प्रिंग कोठी आहे?"

मनीषनगर आभाळाकडे बघायला लागला, जसं काही तिकडून ढगच येणार होते. मी खिशावर हात ठेवला. "सर, ती लावली तर सगळे मला ओलांडून जातील. बाबा आलेत. तिकडे कठड्याजवळ उभे आहेत."

"राहू दे उभे."

"पंपावर बसून शेवटचं येण्यापेक्षा दोरीवर आलेलं बरं, सर!"

बोलून गेले आणि जीभ चावली. सरांचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्यापुढे अशी तुलना केली होती. खांद्यावरची दोरी सारखी केली. मग हळूच म्हणाले, "तुहा बाप खाणीत पंप कसा चालवते? जोरात का बराबर?"

"बराबर."

"जोरात चालवला त?"

"जळतो."

"आन जळला त?"

"खाली पाणी भरतं."

"खाली माणसं राहतात?"

"राहतात," मी म्हणाले. सरांनी हात पुढे केला. मी खिशातून स्प्रिंग काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती स्वतः बसवली, रांगेत, सगळ्या कॉलेजांच्या समोर, गुडघ्यावर बसून. मधेच बाहीनं डोळे पुसले. मला वाटलं उन्हामुळे असेल.

शर्यतीबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, कारण मला सगळ्यांच्या पाठीच दिसल्या. पहिल्या पाच मिनिटांत सतरा जण पुढे गेले आणि पंधराव्या मिनिटाला तेच सतरा जण दुसऱ्यांदा पुढे गेले. माइकवरचा माणूस दर फेरीला ओरडायचा, "आणि ह्या आल्या आपल्या पंपवाल्या ताई!" लोक टाळ्या पिटायचे. हेल्मेटच्या आत मी रडून राहिले होते, सांगायला लाज नाही. प्रत्येक फेरीला सर दिसायचे, दोरी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेताना. पाठीमागे इंजिन एकाच सुरात घुर्र घुर्र करत होतं, ना कमी ना जास्त.

मग एकेक जण थांबायला लागले. एकाची चेन तुटली. एकाच्या इंजिनमधून पांढरा धूर आला. दोघं एकमेकांना धडकले आणि तिथंच भांडत बसले. माइकवरचा माणूस हळूहळू गप्प झाला. झेंडा पडला तेव्हा ट्रॅकवर सात कार्ट चालत होती. मी सातवी आले.

मी उतरले तर मनीषनगर कपाळाला हात लावून बसला होता. "सातपैकी सातवे," तो म्हणाला.

"सातवे आलो," सर म्हणाले.

"सर, सातच होते!"

"मंग? बाकीचे अकरा दोरीवर आहेत ना."

बाबा कठड्याखालून वाकून आत आले होते. मला वाटलं, आता डोक्यावरून हात फिरवतील. ते सरळ इंजिनकडे गेले, हात जवळ नेऊन धग घेतली आणि सरांना म्हणाले, "बराबर चालला." सर म्हणाले, "हाव, बराबर चालला." दोघं बराच वेळ त्या इंजिनकडे बघत उभे राहिले. ड्रायव्हर नावाचं कोणी तिथं आहे हे दोघांच्या गावीही नव्हतं. राग यायला हवा होता, पण नाही आला. उलट एवढं बरं वाटलं की काय सांगू.

तेवढ्यात दुसऱ्या एका कॉलेजची पोरं आली. त्यांचं महागडं कार्ट पलीकडच्या वळणावर बंद पडलं होतं. "सर, दोरी मिळेल का?" सरांनी खांद्यावरून उतरवून दिली. "वापस आणून द्याची," म्हणाले, "आन गाठ माराची नाही. त्या सगळ्या आमच्या आहेत."

एप्रिलच्या शेवटी निरोप समारंभ झाला. सेमिनार हॉल, शाल, नारळ, सगळं रीतीप्रमाणे. जे प्राध्यापक कधी शेडमध्ये आले नाहीत ते सरांच्या शेडविषयी भरभरून बोलले. प्राचार्य म्हणाले, "सर हे आमच्या संस्थेचे उत्कृष्ट शिक्षक होते."

"कायच्यापेक्षा?" सर पुटपुटले. माइक समोरच होता. मागच्या रांगांनी बाकं बडवून हॉल डोक्यावर घेतला. पहिल्या रांगेत काकूंनी पदर तोंडाला लावला. प्राचार्यांनी पुढचं भाषण कागदावर शोधलं आणि ते सापडलं नाही.

समारंभानंतर सगळे शेडकडे आलो. सरांचे भाऊ पारशिवनीहून पिकअप घेऊन आले होते, इंजिन न्यायला. गहू केव्हाच निघाला होता, पण ते म्हणाले, "आता तुलना झाली ना? मंग मले द्या." इंजिन अजून कार्टवरच होतं, पण पिकअपमध्ये आडवं पडणार म्हणून त्याची टाकी आधीच रिकामी केली होती.

मीच म्हणाले, "सर, न्यायच्या आधी एकदा तुम्ही चालवा."

सर कधीच कार्टमध्ये बसले नव्हते. दहा वर्षांत एकदाही नाही. कोणी म्हटलं की म्हणायचे, "मी बसलो त पाहीन कोण?" त्या दिवशीही तेच म्हणाले. पण काकू म्हणाल्या, "आज आम्ही पाहून राहिलो ना. बसा." सरांनी शाल काकूंच्या हातात दिली.

पेट्रोल त्यांनी स्वतः मोजलं. सलाइनची बाटली सीटमागच्या नळीला टांगली, रेघेशी डोळा लावला, थेंबभर काढलं, परत थेंबभर घातलं. "मैदानाच्या तीन फेऱ्या. तिसरी झाली की शेडमध्ये वळाचं. बराबर पुरते," असं आम्हाला समजावलं, जसं काही आम्हीच चालवणार होतो. मग हेल्मेट घातलं आणि बसले. गुडघे छातीला लागले. दुसऱ्या झटक्याला इंजिन उठलं.

पहिली फेरी त्यांनी एवढी हळू घेतली की भाऊ शेजारून चालत गेले असते. दुसरी जरा बरी. तिसऱ्या फेरीला शेडच्या दाराशी आम्ही सगळे टाळ्या वाजवायला सरसावलो. सर आले, आमच्याकडे बघितलं आणि वळले नाहीत. सरळ निघून गेले.

"पेट्रोल!" मनीषनगर ओरडला. धूळ उडवत लाल इंजिन मैदानाच्या पार टोकाला, बाभळीच्या झाडापर्यंत गेलं. तिथं दोन आचके दिले आणि थांबलं.

"आता दोरी लागन," भाऊ म्हणाले.

मी दारामागून दोरी काढली. मी आणि मनीषनगर उन्हातून चालत गेलो. सर कार्टमध्येच बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बाटली रिकामी.

"चुकलं ना सर मोजायला?" मनीषनगर म्हणाला. या दिवसाची तो चार वर्षं वाट बघून राहिला होता.

"चुकलं नाही. तीन फेऱ्याचंच होतं."

"मग वळले काहून नाही?"

"मले मालूम होतं," सर म्हणाले. "नाही वळलो."

मी विचारलं, "मजा आली, सर?"

"लय मजा आली वं."

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "कायच्यापेक्षा?"

सरांनी हेल्मेटची काच वर केली. एरवी या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या तोंडावरच असायचं, तीन रकाने आणि चार ओळींचं. त्यांनी मागे वळून इंजिनकडे बघितलं, मग दूर शेडपाशी शाल घेऊन उभ्या असलेल्या काकूंकडे. डोळे भरून आले होते, आणि या वेळी उन्हावर ढकलण्यात अर्थ नव्हता.

"कायच्याच पेक्षा नाही," ते म्हणाले. "नुसती आली."

मग त्यांनी माझ्या हातातून दोरी घेतली, नवव्या गाठीच्या पुढची जागा बोटानं चाचपली आणि तिथं एक गाठ मारली. घट्ट, दातानं ओढून.

"ही माही," म्हणाले. दोरीचं टोक कार्टला बांधलं, स्टिअरिंग धरून नीट बसले आणि आम्हाला म्हणाले, "हं, ओढा आता. जोरात नको, बराबर."